मोटारीत रडार कसे आले

१९०४ च्या मे महिन्यात कोलोन शहरात, ऱ्हाइन नदीवरच्या पुलाजवळ, ख्रिस्टियान हुल्समायर या २२ वर्षांच्या जर्मन तरुणाने आपले एक यंत्र लोकांसमोर चालवून दाखवले. नदीतून जहाज जवळ आले की यंत्रातली घंटा वाजू लागे आणि जहाज पुढे निघून गेले की ती थांबे. विजेच्या ठिणगीतून निर्माण केलेल्या रेडिओ लहरी जहाजाच्या लोखंडी अंगावर आपटून परत येत आणि त्या परतलेल्या लहरींनी घंटेचे मंडल जोडले जाई. हुल्समायरने यंत्राला ‘टेलिमोबिलोस्कोप’ असे नाव दिले होते. दाट धुक्यात दोन जहाजांची टक्कर होऊ नये, एवढाच त्याचा हेतू होता. यंत्राला वस्तू जाणवत असे, पण ती किती अंतरावर आहे हे थेट कळत नसे. जहाज कंपन्यांनी ते घेतले नाही, जर्मन नौदलानेही नाकारले. रडारची कल्पना अशी टक्कर टाळण्याच्या गरजेतून जन्मली. पुढे ती युद्धाच्या हाती गेली आणि मूळ कामावर परतायला तिला बराच काळ लागला.

मोटारीतले आजचे रडार ज्या लहरी वापरते, त्यांचा अभ्यास याच्याही आधी कोलकात्यात झाला होता. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये तिथल्या टाउन हॉलमध्ये भिंतीपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून आणि दारू पेटवून दाखवली. त्यांच्या प्रयोगांतल्या सर्वांत आखूड लहरींची लांबी सुमारे ५ मिलिमीटर होती. मोटारीतले रडार ७७ गिगाहर्ट्झ वारंवारितेवर चालते आणि तिथे लहरीची लांबी ३.९ मिलिमीटर भरते. बोस यांच्यानंतर रेडिओतज्ज्ञ लांब पल्ल्याच्या संदेशवहनासाठी लांब लहरींकडे वळले आणि मिलिमीटर लहरींचे क्षेत्र कित्येक दशके ओस पडले.

विमानशोधक रडारची सुरुवातही लांब लहरींनीच झाली. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी रॉबर्ट वॉटसन-वॅट आणि अर्नॉल्ड विल्किन्स यांनी इंग्लंडमध्ये डेव्हेंट्रीजवळ बीबीसीच्या प्रक्षेपकाच्या लहरी वापरून एका बॉम्बर विमानाची चाहूल घेतली, तेव्हा लहर सुमारे ४९ मीटर लांबीची होती. १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट यांनी आखूड लहरी निर्माण करणारा कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन बनवला आणि लहर १० सेंटीमीटरवर आली. त्यामुळे रडार विमानाच्या नाकात मावू लागले. रडारच्या इतिहासात हा नियम पुन्हा पुन्हा दिसतो. लहर आखूड झाली की अँटेना लहान होतो, आणि अँटेना लहान झाला की यंत्राला नवी जागा मिळते.

रस्त्यावर रडार आधी पोलिसांच्या हाती आले. ख्रिस्टियान डॉप्लरने १८४२ मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार जवळ येणाऱ्या वस्तूवरून परतलेल्या लहरीची वारंवारिता वाढते आणि दूर जाणाऱ्या वस्तूवरून ती घटते. या फरकावरून वाहनाचा वेग काढणारे यंत्र १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात वापरात आले. मोटारीतच रडार बसवण्याची कल्पना जनरल मोटर्सने १९५९ च्या ‘कॅडिलॅक सायक्लोन’ या प्रदर्शनासाठीच्या गाडीत मांडली. गाडीच्या पुढच्या बाजूला रॉकेटच्या टोकांसारखे दोन काळे शंकू होते. समोर अडथळा आला की त्यांतली यंत्रणा आवाज आणि दिवा यांच्याद्वारे चालकाला सावध करील, अशी योजना होती. गाडी विक्रीसाठी नव्हती. त्या काळातली इलेक्ट्रॉनिक सामग्री पाहता ती असूही शकत नव्हती.

अडचण कुठे होती, हे थोडे गणित केले की दिसते. महामार्गाची एक लेन साधारण साडेतीन मीटर रुंद असते. १०० मीटर अंतरावर रडारचा झोत त्या लेनमध्येच राहायला हवा असेल, तर तो सुमारे २ अंशांपेक्षा रुंद असून चालत नाही. झोताची रुंदी लहरीची लांबी आणि अँटेनाचा आकार यांच्या गुणोत्तरावर ठरते. १० गिगाहर्ट्झला लहर ३ सेंटीमीटरची असते, म्हणून २ अंशांच्या झोतासाठी जवळजवळ ८५ सेंटीमीटर रुंदीचा अँटेना लागतो. ७७ गिगाहर्ट्झला तेच काम ११ सेंटीमीटरमध्ये होते. १९७० च्या दशकातल्या संशोधकांकडे मिलिमीटर लहरी निर्माण करणारी स्वस्त साधने नव्हती. त्यामुळे त्यांच्या प्रायोगिक गाड्यांच्या पुढे मोठाल्या पेट्या आणि ताटल्या दिसत. जर्मनीत एईजी-टेलिफुंकनसारख्या कंपन्या सरकारी मदतीने १० गिगाहर्ट्झवरून ३५ गिगाहर्ट्झपर्यंत पोचल्या. अमेरिकेत आरसीए कंपनीने सुरक्षित मोटारीच्या सरकारी प्रकल्पासाठी रडारवर चालणारे ब्रेक बनवले.

या प्रयोगांतून आकारापेक्षा अवघड असा दुसरा प्रश्न पुढे आला. विमाने शोधणाऱ्या रडारला पार्श्वभूमी असते ती रिकाम्या आकाशाची. रस्त्यावरच्या रडारला चारी बाजूंनी धातूच धातू दिसतो. लोखंडी कठडे, दिशादर्शक फलक, पूल, गटारांची झाकणे, रस्त्यात पडलेला एखादा डबा, सगळ्यांवरून लहरी परत येतात. वळणावर समोरचा कठडा नेमका गाडीच्या रेषेत येतो आणि रडारला तो अडथळाच वाटतो. खोट्या इशाऱ्यांनी चालक वैतागत आणि इशाऱ्यांवरचा विश्वास उडाला की खऱ्या इशाऱ्याचाही उपयोग राहत नसे. परत आलेल्या लहरींपैकी कोणती महत्त्वाची आणि कोणती सोडून द्यायची, हा प्रश्न त्या दशकात उभा राहिला आणि विनाचालक मोटारीच्या काळातही तो सुटलेला नाही.

मोजमापाची पद्धत मात्र याच काळात पक्की होत गेली. युद्धातले रडार तीव्र स्पंद सोडून प्रतिध्वनीची वाट पाहत असे. मोटारीचे रडार सलग लहर सोडते आणि तिची वारंवारिता ठरावीक गतीने चढवत नेते. लहर जाऊन परत येईपर्यंत प्रक्षेपक थोडा वर चढलेला असतो. जाणाऱ्या आणि येणाऱ्या लहरीतल्या या फरकावरून अंतर कळते. १५० मीटरवरच्या वस्तूपर्यंत जाऊन यायला लहरीला एक मायक्रोसेकंद लागतो, इतका कमी वेळ थेट मोजण्यापेक्षा वारंवारितेचा फरक मोजणे कितीतरी सोपे आणि स्वस्त. याच लहरीत वस्तूच्या वेगाचीही खूण उमटते. ताशी १०८ किलोमीटर वेगाने जवळ येणारी वस्तू ७७ गिगाहर्ट्झच्या लहरीत सुमारे १५ किलोहर्ट्झचा फरक पाडते. कॅमेऱ्याला वेग काढायचा तर दोन चित्रांची तुलना करावी लागते. रडारला तो थेट मोजता येतो, शिवाय रात्र, धुके आणि पाऊस यांत त्याच्या कामात फारसा खंड पडत नाही. मोटारीच्या बाकीच्या संवेदकांत आणि रडारमध्ये हा मूलभूत फरक आहे. रडार टिकून राहिले ते त्याच जोरावर.

व्यवहारात उतरलेले पहिले मोठे उदाहरण प्रवासी बसचे आहे. १९९२ च्या सुमारास अमेरिकेच्या ग्रेहाउंड कंपनीने दीड हजाराहून अधिक बसमध्ये सॅन डिएगोच्या व्होरॅड कंपनीचे २४ गिगाहर्ट्झचे रडार बसवले. ते ब्रेक लावत नसे. चालकाला दिव्याने आणि आवाजाने सावध करणे एवढेच त्याचे काम होते. १९९३ मध्ये कंपनीच्या बसचे अपघात आदल्या वर्षापेक्षा सुमारे एक पंचमांशाने घटल्याचे नोंदले गेले. चालकाला ऐन वेळी मिळालेला एखाददुसरा सेकंद किती मोलाचा असतो, याचा हा पहिला मोठा पुरावा होता.

जपानी कंपन्यांनी सुरुवातीला लेसरचा मार्ग धरला. मित्सुबिशीने १९९५ मध्ये ‘डायमँटे’ गाडीत लेसरने अंतर मोजून वेग कमी-जास्त करणारी यंत्रणा दिली. लेसर स्वस्त होता, पण पाऊस आणि चिखल यांच्यापुढे तो हतबल होई. १९९९ मध्ये मर्सिडीज-बेंझने आपल्या ‘एस-क्लास’ गाडीत ‘डिस्ट्रॉनिक’ ही यंत्रणा आणली आणि ७७ गिगाहर्ट्झचे रडार प्रथमच बाजारातल्या मोटारीत बसले. पुढची गाडी हळू झाली की ही गाडी हळू होई, पुढचा रस्ता मोकळा झाला की ठरवलेल्या वेगावर परत जाई. ब्रेक मात्र ती मर्यादित जोरानेच लावू शकत होती. त्याहून जास्त गरज पडली तर चालकाला हाक देणे एवढेच तिच्या हाती ठेवले होते.

कठडे आणि फलकांचा जुना प्रश्न या पहिल्या पिढीने सोडवला तो एका धाडसी तोडग्याने. रडार प्रत्येक वस्तूचा वेग मोजते. गाडी ज्या वेगाने पुढे जाते, बरोबर त्याच वेगाने एखादी वस्तू जवळ येत असेल, तर ती वस्तू जमिनीवर स्थिर आहे हे उघड आहे. अशा वस्तू बहुतेक वेळा पूल, फलक किंवा कठडे असतात. म्हणून ज्या वस्तू हलताना कधी दिसल्याच नाहीत त्यांच्याकडे दुर्लक्ष करायचे, असे ठरले. त्या काळच्या रडारला उंची कळत नव्हती. रस्त्यावर उभा असलेला ट्रक आणि रस्त्यावरून जाणारा पूल या दोहोंचा प्रतिध्वनी त्याला सारखाच वाटे. महामार्गावर सावध चालकाच्या हाताखाली काम करणाऱ्या यंत्रणेसाठी हा तोडगा योग्यच होता. तो निवडणाऱ्या अभियंत्यांना त्याच्या मर्यादा पुरत्या माहीत होत्या. पुढे यंत्रणा तीच राहिली आणि तिच्यावर टाकलेला भरवसा मात्र वाढत गेला, तिथे धोका सुरू झाला.

२००३ मध्ये होंडाने ‘इन्स्पायर’ गाडीत आणि टोयोटाने ‘हॅरियर’मध्ये टक्कर अटळ दिसल्यावर स्वतः हस्तक्षेप करणारी यंत्रणा दिली. या गाड्या महाग होत्या आणि रडारही महाग होते, कारण त्यात गॅलियम आर्सेनाइडचे भाग लागत. २००९ मध्ये इन्फिनिऑनच्या सिलिकॉन-जर्मेनियम चिपवर बॉशने आपले नवे रडार बांधले आणि किंमत उतरू लागली. पुढे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्ससारख्या कंपन्यांनी प्रक्षेपक, ग्राहक आणि गणनेची सामग्री साध्या सिलिकॉनच्या एकाच चिपवर आणली. युरोपात नव्या जातीच्या अवजड ट्रकांना नोव्हेंबर २०१३ पासून आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे झाले. त्यामुळे रडार चैनीची वस्तू राहिले नाही.

विनाचालक मोटारीच्या शर्यती याच सुमारास सुरू झाल्या. अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील ‘डार्पा’ या संस्थेने १३ मार्च २००४ रोजी मोहावी वाळवंटात पहिली स्पर्धा घेतली, तिच्यात एकही गाडी १२ किलोमीटरही जाऊ शकली नाही. पुढच्या वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘स्टॅनली’ गाडीने २१२ किलोमीटर पार केले, तेही प्रामुख्याने लेसर आणि कॅमेरा यांच्या भरवशावर. वाळवंटात दुसरी वाहने नव्हती आणि रडारचे खास कौशल्य चालत्या वाहनांचा माग ठेवण्यात आहे. ३ नोव्हेंबर २००७ रोजी कॅलिफोर्नियात व्हिक्टरव्हिलच्या जुन्या हवाई तळावर शहरी रहदारीची स्पर्धा झाली तेव्हा चित्र बदलले. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या विजेत्या ‘बॉस’ गाडीवर काँटिनेंटल कंपनीची बाजारातलीच रडार होती आणि एमआयटीच्या ‘टॅलॉस’ने तर १५ रडार लावली होती. २००९ मध्ये गुगलने सुरू केलेल्या प्रकल्पातल्या प्रियस गाड्यांच्या छपरावर लेसरने अंतर मोजणारा फिरता लिडार होता आणि बंपरवर रडार होती. लिडारने आकार सांगायचा आणि रडारने वेग, अशी वाटणी रुळली.

टेस्लाने लिडार न घेता एक कॅमेरा आणि एक रडार यांवर आपली ‘ऑटोपायलट’ यंत्रणा उभी केली. ७ मे २०१६ रोजी फ्लोरिडात विलिस्टनजवळ ताशी सुमारे ११९ किलोमीटर वेगाने जाणारी टेस्लाची गाडी महामार्ग ओलांडणाऱ्या ट्रकच्या ट्रेलरखाली घुसली आणि चालकाचा मृत्यू झाला. प्रखर उजेडाच्या आकाशासमोर ट्रेलरची पांढरी बाजू ओळखली गेली नाही, असे कंपनीने सांगितले. रडारबाबत कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांचा खुलासा असा होता, की रस्त्यावरच्या फलकासारखे जे दिसते ते विनाकारण ब्रेक लागू नयेत म्हणून रडार वगळते. १९९९ च्या पिढीचा तोडगा इथे आपल्या मर्यादेबाहेर वापरला गेला होता. आडवा आणि उंच ट्रेलर रडारच्या हिशेबात फलकात जमा झाला, आणि चालकाचे लक्षही रस्त्यावर नव्हते.

दोन वर्षांनी, १८ मार्च २०१८ च्या रात्री, अ‍ॅरिझोनातल्या टेम्पे शहरात उबरच्या चाचणी गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला धडक दिली. तिचा मृत्यू झाला. स्वयंचलित मोटारीने पादचाऱ्याचा जीव घेतल्याची ही पहिली घटना. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अहवालातला क्षणाक्षणाचा तपशील वाचताना मन खिन्न होते, कारण रडार चुकले नव्हते. धडकेच्या ५.६ सेकंद आधी तिची चाहूल सर्वांत प्रथम रडारलाच लागली होती. पुढच्या काही क्षणांत संगणकाने तिला कधी वाहन, कधी अनोळखी वस्तू, तर कधी सायकल ठरवले. वर्ग बदलला की आधीच्या हालचालीची नोंद विचारातून बाहेर जाई, म्हणून ती कोणत्या दिशेने चालली आहे याचा अंदाजच बांधता आला नाही. ओलांडणीच्या पट्ट्यांबाहेर माणूस रस्ता ओलांडेल, हे त्या प्रणालीत गृहीतच धरले नव्हते. खोटे ब्रेक टाळण्यासाठी तिच्यात एका सेकंदाचा थांबाही ठेवलेला होता. गाडीत बसलेल्या देखरेख करणाऱ्या व्यक्तीचे लक्ष रस्त्यावर नव्हते. मूळ व्होल्वो गाडीची स्वतःची टक्कररोधक यंत्रणा चाचणीच्या वेळी बंद केलेली होती. याचे एक कारण असे, की तिचे रडार आणि उबरचे रडार एकाच वारंवारितेवर चालत आणि एकमेकांच्या लहरींत गोंधळ होण्याची भीती होती. परस्पर व्यत्ययाच्या या प्रश्नावर युरोपात २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘मोसॅरिम’ नावाच्या प्रकल्पाने काम केले होते. रस्त्यावर रडार वाढतील तसा तो गंभीर होत जाणार हे उघड होते.

टेस्लाने वेगळाच निष्कर्ष काढला. कॅमेरा आणि रडार यांचे मत जुळले नाही तर विश्वास कोणावर ठेवायचा, असा प्रश्न उभा करून कंपनीने मे २०२१ पासून उत्तर अमेरिकेतल्या ‘मॉडेल ३’ आणि ‘मॉडेल वाय’ गाड्यांतून रडार काढून टाकले. कमी विभेदनाचे रडार पुलाखाली खोटा अडथळा दाखवते, हा कंपनीचा दावा खरा होता. पण उपाय म्हणून संवेदकच काढणे पटत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने याच दोन मॉडेलांच्या सुमारे ४,१६,००० गाड्यांची चौकशी सुरू केली, ती विनाकारण लागणाऱ्या ब्रेकच्या ३५४ तक्रारींवरून. रडार गेले तरी खोटे ब्रेक गेले नव्हते.

बाकीच्या उद्योगाने रडारच सुधारायचे ठरवले. जिनिव्हात २०१५ मध्ये भरलेल्या जागतिक रेडिओ परिषदेत ७७ ते ८१ गिगाहर्ट्झचा पट्टा मोटारींच्या रडारसाठी मान्य होण्याचा मार्ग मोकळा झाला. पट्टा रुंद झाला की जवळजवळच्या दोन वस्तू वेगळ्या ओळखता येतात. दिशा आणि उंचीसाठी अनेक अँटेना जोडण्याची युक्ती वापरतात. १२ प्रक्षेपक आणि १६ ग्राहक एकत्र चालवले तर गणिताच्या साहाय्याने १९२ अँटेनांइतका परिणाम मिळतो. त्यामुळे अंतर, दिशा आणि वेग यांच्या जोडीला उंचीही कळते, आणि पूल व ट्रक यांतला भेद रडारला स्वतःच करता येतो. काँटिनेंटलचे असे रडार सुमारे ३०० मीटरपर्यंत पाहते. इस्राएलच्या आर्बे कंपनीनेही हीच दिशा धरली.

भारतात २०१५ मध्ये ७६ ते ७७ गिगाहर्ट्झ पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या रडारना परवान्यातून सूट मिळाली आणि मोटारींचा रस्ता खुला झाला. पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या महिंद्राच्या ‘एक्सयूव्ही ७००’ गाडीत २०२१ पासून रडार आणि कॅमेरा यांवर चालणारी चालक-साहाय्य यंत्रणा मिळू लागली. ही यंत्रणा गाडी चालवत नाही, चालकाला मदत करते. भारतीय रस्त्यावर तिची परीक्षा युरोपपेक्षा कठीण असते. माणसाच्या शरीरावरून परतणारा प्रतिध्वनी मोटारीपेक्षा कितीतरी क्षीण असतो, आणि इथे दोन ट्रकांच्या मधल्या फटीत दुचाकी, हातगाडी आणि जनावर एकाच वेळी असू शकते. मोठ्या प्रतिध्वनीच्या शेजारचा लहान प्रतिध्वनी वेगळा काढणे हे काम जुन्या रडारच्या आवाक्याबाहेरचे आहे.

चालकाविना प्रवासी वाहून नेण्याची सेवा गुगलच्या प्रकल्पातून निघालेल्या वेमो कंपनीने ऑक्टोबर २०२० मध्ये फिनिक्स परिसरात सर्वांसाठी खुली केली आणि नंतर ती सॅन फ्रान्सिस्कोच्या धुकट रस्त्यांवर नेली. तिच्या पाचव्या पिढीच्या गाडीवर २९ कॅमेरे, ५ लिडार आणि ६ रडार होती. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या सहाव्या पिढीत खर्च कमी करण्यासाठी कॅमेरे १३ वर आणि लिडार ४ वर आणले गेले. रडारची संख्या ६ च ठेवली.